पी वाजलं की काढा

३ मार्च

चि. सूनबाई,

हे पत्र तुझ्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवतोय ते मुद्दाम. घरी पाठवलं असतं तर आमच्या चिरंजीव साहेबांनी आधी फोडलं असतं आणि रविवारच्या फोनवर माझी शाळा घेतली असती.

तू जुळवून दिलेला कॉम्प्युटर बंद पडला. शेजारची शिंपीणबाई बरेच दिवस सांगत होती, "काका, तुमचा डबा कटकट करतोय, खडे चावल्यासारखा." मी म्हटलं, शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या आवाजाला नावं ठेवू नयेत. पण परवा बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली. ड्राइव्ह सापडत नाही. आता डब्याच्या आत स्क्रूने आवळलेला ड्राइव्ह जाणार कुठे? कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारायला गेलो, तर तो म्हणाला, "टाकून द्या काका, नवीन घ्या." डबा उघडून पाहिलासुद्धा नाही. न उघडता निदान करणारा माणूस माझ्या दुकानात दुपारपर्यंत टिकला नसता.

तेव्हा ड्राइव्ह बदलता येतो का आणि ते मला एकट्याला जमेल का, ते लिही. फोन करू नकोस. फोनवरचं सांगणं एका कानाने आत जातं आणि दुसऱ्याने बाहेर पडतं. कागद कसा समोर ठेवून काम करता येतं.

घाई आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साहेब सुट्टी काढून खोकी घेऊन येणार आहेत, तसं पत्र आलंय. दुकान बंद करायचं आणि मला तुमच्याकडे न्यायचं. मी विसरायला लागलोय असं त्याने मनाशी धरलंय, आणि एकदा त्याने काही धरलं की सोडवायला पक्कड लागते. तो येईल तेव्हा दुकान चालू दिसलं पाहिजे. दुकान चालायला कॉम्प्युटर चालला पाहिजे. एवढी साधी गोष्ट आहे.

तब्येत ठीक. हात अजून कापत नाहीत, हे त्याला सांग.

तुझा,
बाबा


९ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. ड्राइव्ह बदलता येतो. तुम्हाला तर सहज येईल. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्या माणसाला चार स्क्रू आणि दोन वायरी म्हणजे काहीच नाही. उंटावरून शेळ्या हाकायचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे, पण इथे ग्रंथालयात दिवसभर लोकांची मशीन्स सांभाळते, त्यामुळे कुठे काय अडतं ते माहीत आहे.

सोबतच्या पार्सलमध्ये दोन वस्तू आहेत. चपटी पेटी हा नवा ड्राइव्ह. तो कोरा आहे, त्याला अजून काही म्हणजे काही येत नाही. मशीनला मशीनसारखं वागायला शिकवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती त्या छोट्या लाल पेनड्राइव्हवर भरून दिली आहे. आधी ड्राइव्ह बसवायचा, मग पेनड्राइव्हवरची सिस्टिम त्याच्यावर उतरवायची. पार्सल पोचल्याचं कळवा, म्हणजे पुढचं सविस्तर लिहिते. तोवर कशाला हात लावू नका.

एक विचारू? घड्याळ दुरुस्तीला भिंग, चिमटे आणि हात लागतात, बाकी सगळी सोंगं, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. मी तो टिकटिक मोजायचा प्रोग्राम टाकून दिला तेव्हा "ठीक आहे, गंमत म्हणून" एवढंच म्हणालात. आता त्याच्यावाचून दुकान अडलं, हे कसं?

आणि दुसरं. तुमच्या चिरंजीवांनी आमची मागची खोली रंगवायला काढली आहे. फिकट निळा रंग. म्हणतात, बाबांना फोनवर विचारलं, ते "हो हो, छान" म्हणाले. खरंच म्हणालात?

तुमची,
सूनबाई


१५ मार्च

चि. सूनबाई,

पार्सल पोचलं. तुला फसवलं आहे.

सांगतो. नवा भाग उघडून, पुसून, तेलाचा थेंब दिल्याशिवाय बसवायचा नाही, हा माझा नियम. माझ्या गुरूंचाही होता. तू हात लावू नका लिहिलंस खरं, पण ते पत्र मी पार्सल उघडल्यानंतर वाचलं. पेटीच्या पाठीवर कागद चिकटवलेला होता, उघडू नये म्हणून. असं तोच लिहितो ज्याला काहीतरी लपवायचं असतं. मी बारीक पेचकसाने झाकण काढलं. आत काय असावं? काही नाही! चक्र नाही, दांडी नाही, फिरणारी एक वस्तू नाही. पाव जागेत एक हिरवी पट्टी, तिच्यावर चार काळे चौकोन चिकटवलेले, आणि बाकी पेटीत नुसती हवा. तेल घालायलासुद्धा जागा नाही.

खात्री करायला मग जुना ड्राइव्ह काढून उघडला. सूनबाई, काय सुंदर वस्तू आहे ती! आरशासारखी तबकडी, तीत माझं तोंड दिसलं. तिच्यावर सुईच्या टोकाचा हात, पातळ, नेमका. तो हात वाकलाय आणि तबकडीवर ओरखडे पडलेत, म्हणूनच तो गेला. पण यंत्र म्हणजे हे. तो मी शोकेसमध्ये ठेवलाय, गिऱ्हाईक विचारतात कोणत्या घड्याळाचं.

तेव्हा तुझ्या दुकानदाराला ही रिकामी पेटी दाखव आणि जाब विचार. परत पाठवू का, लिही. झाकण लावून ठेवलंय, उघडल्याचं कोणाला कळणार नाही.

खोलीचं म्हणशील तर छान म्हणालोही असेन. रविवारी तो बोलतो आणि मी हो म्हणतो. बापलेकांत वाद नको. याचा अर्थ मी येतो म्हणालो असा होत नाही.

प्रोग्रामचं नंतर कधीतरी.

बाबा


२० मार्च

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचून मी ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने हसले की वाचत बसलेल्या लोकांनी माना वर केल्या. "शांतता राखा" ही पाटी मीच छापून लावलेली आहे.

कोणी फसवलेलं नाही. हल्लीचे ड्राइव्ह असेच असतात. आत काही फिरत नाही, ते चार काळे चौकोन हाच सगळा ड्राइव्ह. पेटी मोठी असते ती फक्त जुन्या जागेत बसावी म्हणून. तेल घालायला जागा मिळाली नाही हे आपलं नशीब. बिघडलेला नसणार, बसवा.

आता नीट वाचा. मशीनची वायर भिंतीतून काढा. डाव्या अंगाचं झाकण सरकवा. जुन्या ड्राइव्हच्या जागी नवा, त्याच दोन वायरी, रुंद आणि अरुंद. उलटी घातली तर जातच नाही, त्यामुळे जोर लावू नका. स्क्रू घट्ट, पण तुमच्या हिशोबाने घट्ट, माझ्या नाही. झाकण लावा, पेनड्राइव्ह पुढच्या भोकात घाला, चालू करा.

मशीन आधी पेनड्राइव्हकडेच बघतं, ते मी तेव्हाच करून ठेवलंय. पडद्यावर भाषा विचारेल, निवडा. मग सिस्टिम कुठे उतरवायची ते विचारेल. ड्राइव्ह एकच दिसेल, त्यावर टिचकी मारा. तो आधीचं सगळं पुसू का म्हणून भीती घालेल. घाबरू नका, कोऱ्यावरचं काय पुसणार? मग एक पट्टी भरत जाईल. तेवढ्यात एखादं घड्याळ उघडून बसा.

पट्टी भरली की मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होईल. इथे लक्ष हवं. चालू होताना पी असा आवाज येईल. पी वाजलं की पेनड्राइव्ह काढा, लगेच. पडद्याकडे बघत बसू नका, त्या वेळी तो काळाच असतो. एवढं झालं की जिंकलात.

इकडे खोलीला दुसरा हात दिला. पण तुम्हाला खरंच नाही म्हणायचं असेल तर एकदा त्याला स्पष्ट म्हणा ना. तो तुमच्या "हो हो"वर घर रंगवतोय.

सूनबाई


२८ मार्च

चि. सूनबाई,

ड्राइव्ह बसला. वायरी बसल्या. स्क्रू माझ्या हिशोबाने घट्ट. भाषा विचारली, सांगितली. भीती घातली, घाबरलो नाही. पट्टी भरली, अगदी काठोकाठ.

पण तुझी ही सिस्टिम गोल आहे. शेवटाला पोचते, अंधार करते, पुन्हा उजेड करते आणि मला विचारते, भाषा कोणती? अगं, आत्ताच सांगितली ना! पुन्हा सगळं. पुन्हा पट्टी, पुन्हा अंधार, पुन्हा भाषा कोणती. मी विसरतो म्हणतात, हिच्यापुढे मी बरा. सकाळी बसलो तो दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशीही हेच.

तुझ्या पत्राबाहेर मी काही केलेलं नाही. पी वाजण्याची वाट पाहत पेनड्राइव्हवर बोट ठेवून बसलो होतो. वाजलं तर काढणार ना? ते वाजलंच नाही. वाजवणारा जो काही भाग असेल तो बिघडला असणार. त्यात भर म्हणून शिंपीणबाई दोनदा दारात येऊन गेली, काका, काय लावलंय हे पी पी सकाळपासून, म्हणून. तिला सगळीकडे आवाजच ऐकू येतात.

हात दुखले नाहीत पण डोकं उठलं. घड्याळं तीन राहिलीत, प्रोग्राम नसल्याने परत देता येत नाहीत. गिऱ्हाइकांना उद्या या, उद्या या सांगतोय. हे दुकान असं कधी चाललं नव्हतं.

जाता जाता. परवाच्या रविवारी साहेब बराच वेळ बोलला. काय काय ठरलं ते तू एकदा मुद्देसूद लिहून पाठव, म्हणजे माझ्याकडे लेखी राहील.

बाबा


३ एप्रिल

ती. बाबा,

पी वाजलं होतं. प्रत्येक वेळी वाजलं.

तो भोंगा मी स्वतः बसवलाय, आणि चांगला मोठा बसवलाय. पहिल्यांदा वाजला तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी चहा अंगावर सांडून घेतला होता, आठवतंय? शिंपीणबाईंना तो भिंतीपलीकडे ऐकू आला. तुमच्या गुडघ्याला टेकलेलं मशीन तुम्हाला ऐकू आलं नाही. सिस्टिम गोल नाही, बाबा. पेनड्राइव्ह तसाच राहिला की मशीन पुन्हा त्याच्याकडेच बघतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

तुमची सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. जुना ड्राइव्ह इतके दिवस कटकटत होता, तेही शिंपीणबाईंनीच सांगितलं. फोन नको, कागद बरा. रविवारी काय ठरलं ते मी लिहून पाठवायचं. आणि तो प्रोग्राम, जो गंमत म्हणून होता. टिकटिक पडद्यावर दाखवतो तो, नाही का? तुम्ही घड्याळ कानाला लावून बघायचात. शेवटचं कधी लावलंत?

तुमची आठवण शाबूत आहे. कान गेलेत.

मला आधी राग आला, मग रडू आलं, दोन्ही इथेच टेबलावर बसून. कारण इकडे हा माणूस काय करतोय तुम्हाला माहीत नाही. रविवारी जे ठरलं ते हे. तो म्हणाला, मे महिन्यात आल्यावर आपण एका डॉक्टरांकडे जाऊ, विसरण्यावरचे आहेत, मी वेळ घेतलीय. तुम्ही म्हणालात, "हो हो, छान, जाऊ." फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खिडकीशी उभा होता. त्याला वाटतंय वडील हातातून चाललेत. दर रविवारी थोडे थोडे. आणि तुम्ही त्याला तसं वाटू देताय.

मी त्याला सांगणार होते. सांगितलं नाही. ही तुमची गोष्ट आहे, तुम्हीच सांगायला हवी. पण सांगा. जो आजार तुम्हाला नाही त्यासाठी दुकान बंद होईल.

सूनबाई


७ एप्रिल

सौ. सूनबाई यांस,

आपले पत्र मिळाले. माझे कान उत्तम आहेत. भोंगा बिघडलेला आहे.

घड्याळवाल्याचे कान गेले असे या रस्त्यावर एकाच्या जरी तोंडून निघाले तर दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर कोणी घड्याळ ठेवणार नाही. विसरभोळा घड्याळवाला लोक चालवून घेतात. तेव्हा असले काही कागदावर लिहू नये, ही विनंती.

पेनड्राइव्ह उद्याच्या टपालाने परत पाठवीत आहे. आपण घेतलेल्या तसदीबद्दल आभारी आहे.


१२ एप्रिल

ती. बाबा,

तुमचं पत्र आलं, पेनड्राइव्ह आला नाही. म्हणजे तुम्ही टाकलाच नाहीत. बरं केलंत.

"आपण" वगैरे माझ्याशी चालणार नाही. लग्नानंतर पहिल्या भेटीत तुम्ही मला भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघायला दिलं होतं आणि म्हणाला होतात, हिला दिसतं, आमच्या साहेबांना कधी दिसलं नाही. तेव्हापासून मी तुमच्या बाजूची आहे. मी कोणाला काही बोलले नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय बोलणार नाही. फक्त लोकांनी विसरभोळं म्हटलेलं चालतं आणि बहिरं म्हटलेलं चालत नाही, हा तुमचा हिशोब मला पटत नाही.

आता काम. चूक माझी होती, मी कानाची सूचना दिली. ही घ्या डोळ्यांची. पट्टी भरली की पडदा पूर्ण काळा होईल. त्याच क्षणी मशीनच्या पुढचा हिरवा दिवा विझून पुन्हा लागेल. दिवा विझला की पेनड्राइव्ह ओढा. बास. पी वाजो न वाजो.

मग तुमचं नाव विचारेल, हवं ते घाला. त्यानंतर पेनड्राइव्ह पुन्हा घाला. टिकटिकीचा प्रोग्राम त्याच्यावरच "दुकान" नावाच्या कप्प्यात ठेवलाय, त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की तो आपली जागा करून घेईल. घड्याळ धरायच्या तुमच्या माइकच्या चिमट्याची वायर मागच्या गुलाबी भोकात जाते. माइक चालतो का ते आधी बघून घ्या. त्यासाठी आवाज टिपायची एक खिडकी आहे, माइकचं चित्र असलेली. ती उघडा आणि चिमट्यावर नखाने वाजवा. पडद्यावर रेघ उडाली तर चालतोय. आवाज असला की रेघ उडते, नसला की सरळ पडून राहते.

काय झालं ते कळवा. नुसतं "झालं" एवढंच लिहिलंत तरी चालेल.

सूनबाई


२२ एप्रिल

चि. सूनबाई,

झालं.

दिवा विझला, पेनड्राइव्ह ओढला, आणि यावेळी भाषा विचारली नाही. नाव विचारलं. मी "घड्याळवाला" घातलं. निळा पडदा आला, स्वच्छ, नव्या दुकानाच्या काचेसारखा. मी खुर्चीत मागे टेकून बसलो आणि मला, खोटं का बोलू, आनंद झाला. राहिलेली तिन्ही घड्याळं चिमट्यात लावून पाहिली, प्रोग्रामवर ठिपक्यांच्या रेघा सरळ आल्या, तिन्ही परत केली.

मागच्या पत्राचं मनावर घेऊ नकोस. तू बरोबर लिहिलं होतंस म्हणून मला राग आला. गेली दोन वर्षं घड्याळ कानाला लावलं की नुसता थंड धातू लागतो. दारासमोर आरसा लावून घेतला, म्हणजे गिऱ्हाईक आलेलं दिसतं, आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखतो. रविवारी सकाळी फोनवर हात ठेवून बसतो, तो थरथरला की उचलतो. समोर काहीतरी गुणगुणतं, मग थांबतं. थांबलं की मी म्हणतो, हो हो. पुन्हा थांबलं की म्हणतो, छान. मग म्हणतो, बरं, ठेवतो. इतके दिवस धकलं.

आता जे सांगायचं ते. तुझी ती माइकची खिडकी मी उघडली, नखाने वाजवलं, रेघ उडाली. टाळी वाजवली, उडाली. दार लोटलं, उडाली. मला खेळच लागला. माझ्या दुकानात एवढे आवाज आहेत हे मी विसरलोच होतो. शिंपीणबाईचं मशीनसुद्धा दिसलं, बारीक बारीक दात.

मग रविवार आला. मला कल्पना सुचली. फोन थरथरल्यावर उचलला आणि कानाकडच्या बाजूला माइकचा चिमटा लावून टेबलावर ठेवला. बोलायची बाजू माझ्याकडे. पडद्यावर साहेबांचा आवाज आला. शब्द नाही कळत, पण माणूस कळतो. आधी भराभर, मग थांबून, मग एक लांब. तो लहानपणी असाच बोलायचा, सुरुवातीला घाई आणि मग विचार. रेघ थांबली, मी हो हो म्हणालो. पुन्हा थांबली, छान म्हणालो. मग नेहमीसारखं म्हणालो, बरं, ठेवतो.

आणि हात पुढे केला तर रेघ पुन्हा उडायला लागली. लहान, हळू. तो बोलत होता.

मी हात तसाच ठेवला. बोलून झालं, रेघ सरळ झाली, पण फोन तुटला नाही. सरळ रेघेतसुद्धा बारीक थरथर होती, म्हणजे तो तिथेच होता. बराच वेळ. मग एक जाड उसळी आली आणि सगळं सपाट झालं. त्याने ठेवला.

सूनबाई, मी दोन वर्षं दर रविवारी "ठेवतो" म्हणून ठेवत आलो. तो प्रत्येक वेळी बोलत असणार. मी माझ्या मुलाच्या तोंडावर फोन आपटत आलो, आणि वर म्हणत आलो की तो मला समजून घेत नाही. त्या दिवशी दुपारी मी दुकान उघडलं नाही.

सोबत घडी घातलेला कागद आहे. तो त्याला दे. तू वाचलास तरी चालेल, दोनच ओळी आहेत. "मला ऐकू येत नाही, बरेच दिवस झाले. ठेवतो म्हटल्यावर तू काय म्हणत होतास?"

बाबा


२७ एप्रिल

ती. बाबा,

हिने तुमचा कागद माझ्या चहाच्या कपाखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी वाचला. मग तिने तुमची बाकीची पत्रंही दिली, तुम्ही रागवणार असाल तर तिच्यावर रागवा. मी सगळी वाचली. ड्राइव्ह उघडलात तिथे हसलो, पुढे नाही.

ठेवतो म्हटल्यावर मी काय म्हणायचो ते सांगतो. मोठं काही नाही. लग्नात तुम्ही दिलेलं ते हातातलं घड्याळ मागे पडतं. मी विचारायचो, बाबा, घड्याळ पाठवू का? तुम्ही बघाल का? आणि तुम्ही फोन ठेवायचात. पहिल्यांदा वाटलं लाइन तुटली. मग वाटलं विसरलात. मग वाटलं, हात कापत असतील, आणि मुलाला नाही म्हणणं जमत नसेल. तिथून मी खोली रंगवायला लागलो. तरी दर वेळी विचारायचो, कदाचित एखाद्या रविवारी पाठव म्हणाल.

त्या रविवारी तुम्ही ठेवला नाहीत. मी विचारलं आणि थांबलो. तुम्ही आहात हे कळत होतं, काहीतरी टेबलावर सरकल्याचा आवाज येत होता. पण उत्तर आलं नाही. मला वाटलं, आता उत्तर द्यायचंसुद्धा सुचत नाही तुम्हाला. मग मीच ठेवला. तेव्हा तुम्ही पडद्यावर बघत होतात, हे मला कसं कळणार?

विसरण्यावरच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली, कानाच्या डॉक्टरांची घेतली. येतोय ठरल्याप्रमाणेच. पण खोकी आणत नाही.

घड्याळ या पत्रासोबत पाठवतो आहे. दुसऱ्या कोणाकडे द्यावंसं वाटलं नाही, इतके दिवस खणात पडून होतं.

तुमचा


२ मे

चि. साहेब,

घड्याळ पोचलं. उघडलं. तेल सुकून डिंक झालं होतं आणि तू ते पाण्यात घातलं होतंस, नाही म्हणू नकोस, गंज दिसतो. सगळं सुटं करून धुतलं, चक्राचा झिजलेला आस बदलला, नवं तेल दिलं. हात कापले नाहीत. मग चिमट्यात लावलं. पहिली रेघ खाली उतरत होती, थोडं सारखं केलं, आता सरळ येते. मी ती बघत बसलो, गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. आरशात दिसत होतं, पण थांबू दिलं.

कानाच्या डॉक्टरांकडे येईन. त्यांनी काही कानात घालायला दिलं तर घालीन, दुकानात मात्र केस जरा वाढवीन. निळी खोली तशीच ठेवा, रंग वाया जाणार नाही, सुट्टीला येत जाईन. राहायला नाही. शिंपीणबाईला मी काल स्वतः सांगितलं की मला ऐकू येत नाही. ती म्हणाली, ते सगळ्या रस्त्याला माहीत आहे काका, म्हणून तर आम्ही सगळे आरशासमोर येऊन उभे राहतो.

सूनबाईला सांग, नवा ड्राइव्ह चांगला आहे. रिकामी पेटी म्हटलं ते शब्द मागे घेतो.

तू यायच्या आधी एक रविवार आहे. फोन कर. मला ऐकू येणार नाही, तरी सावकाश बोल, काय हवं ते बोल. मी रेघ बघत बसेन. आणि तू ठेवल्याशिवाय मी ठेवणार नाही.

बाबा